नाना आणि मधलं कपाट

आमच्या जळगावच्या कॉलनीत कुणाला ताप आला, की डॉक्टरच्या आधी नाना पोचायचे आणि गोळीऐवजी पुस्तक सुचवायचे. भावाभावांचं भांडण असेल तर लढायांचा इतिहास, सासू-सुनेचं बिनसलं असेल तर जुनं पाच अंकी नाटक. पारोळ्याच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला हा माणूस बारशालासुद्धा समाजसुधारकाचं चरित्र द्यायचा. बाळाचं मत कुणी विचारलं नाही.

नानांच्या बैठकीत तीन कपाटं होती. एक इतिहासाचं, एक नाटकांचं आणि मधलं समाजपरिवर्तनाचं. मधल्यावर त्यांचा भारी जीव. "मी कुणालाही आडनाव विचारत नाही," ते छाती काढून सांगायचे, "वाचक हीच माणसाची जात!" नानांची भाषणं प्रमाण मराठीत असत. अहिराणी ते रागासाठी राखून ठेवत.

दर रविवारी अमोल नावाचा तरुण शिक्षक पुस्तकं न्यायला यायचा. मधलं कपाट त्यानं वर्षभरात संपवलं. पुस्तकं काढून द्यायचं काम नानांच्या मुलीचं, स्मिताचं. हिवाळ्यात नशिराबादच्या शेतात आमची भरीत पार्टी झाली, तेव्हा नाना सगळ्यांसमोर म्हणाले, "असा वाचक मला जन्मात भेटला नाही. हा माझ्या घरचाच!" स्मिता पानाकडे बघून हसली. सगळी कॉलनी काय ते समजली. नानांना तेवढं समजलं नाही, कारण ते भरतावर तेल ओतून घेत होते.

पुढच्या रविवारी मी नाटक बदलायला गेले होते. अमोल आला आणि सरळ म्हणाला, "नाना, स्मिताला आणि मला लग्न करायचंय."

नानांनी चष्मा काढला. "तुनं आडनाव काय शे?"

अमोलनं सांगितलं. नानांचा चेहरा उतरला. "पुस्तकनी गोट येगळी, घरनी गोट येगळी."

"नाना, ही सगळी पुस्तकं तुम्हीच दिलीत ना आम्हाला?" स्मिता दारातून म्हणाली.

"वाचाले दिन्हं व्हतं," नाना ओरडले, "वागाले नही!"

धुळ्याला रजिस्टर लग्न झालं आणि दोघं तिथंच राहू लागले. नाना गेले नाहीत. त्यानंतर ते लोकांना फक्त इतिहास सुचवू लागले. म्हणायचे, "इतिहासातली माणसं घरी येऊन काही मागत नाहीत." मला त्यांचा मनस्वी राग यायचा. पण वाचनाची गोडी मला त्यांनीच लावली होती, त्यामुळे जाणं काही सुटलं नाही.

माझी बदली धुळ्याला झाली, तेव्हा नानांनी माझ्याकडे एक जुनं नाटक दिलं. त्यात रुसलेला बाप शेवटी लेकीच्या दारात जाऊन उभा राहतो. "स्मिताला दे," म्हणाले. स्वतः जायचं सोडून माणूस पुस्तक पाठवतो, याला काय म्हणावं!

स्मितानं पुस्तक चाळलं आणि डोळे पुसून मला परत दिलं. "हे नानांनाच वाचायला दे. आम्ही इथंच आहोत म्हणावं."

सुट्टीत जळगावला आल्यावर मी निरोप जसाच्या तसा सांगितला. नाना बराच वेळ पुस्तकावरून हात फिरवत राहिले.

"माले बठ्ठं पाठ शे, अक्षर न अक्षर," म्हणाले, आणि पुस्तक कपाटात ठेवलं. धुळ्याला ते शेवटपर्यंत गेले नाहीत.