डोंगळ्यांचं बाळंतपण

ही वही माझी एकटीची आहे. तरी कोणाच्या हाती लागलीच तर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आणि हे कोंबडीने उकरल्यासारखं अक्षर माफ करावं. शाळा चौथीपर्यंतच झाली. पण पुढे जी चूक लिहिते आहे ती वाचता न आल्यामुळे झाली नव्हती. मी वाचलं होतं. पटलं नव्हतं.

माणिकपूरला ज्या टीचरांकडे मी धुणीभांडी करते, त्या निवृत्त झाल्यावरही शाळाशाळांत जाऊन मुलांना मुंग्यांची वारुळं दाखवतात, काचेच्या नळीतली. गेल्या वर्षी गुडघे धरले म्हणून मला म्हणाल्या, "तुमच्या फुलपाड्याला संध्याकाळी दिव्याखाली पंखवाले डोंगळे येतात ना? मोठ्या पोटाची ती राणी. पाच पकड आणि वाढव. नळीत दहा कामकरी मुंग्या झाल्या की नळीमागे चारशे." आणि दोन हजार आगाऊ हातात ठेवले. मी मागितले नव्हते. नको म्हणायलाही तोंड उघडलं नाही. त्याच आठवड्यात ते मोरीच्या लाद्यांत गेले.

पहिल्या संध्याकाळी पकडले ते सगळे नर निघाले, बारीक अंगाचे. दोन दिवसांत मेले. मग टाकीजवळच्या दिव्याखाली वाकून वाकून पाच राण्या मिळवल्या. शेजारणी विचारायच्या, "काय गं, कानातलं पडलं का?" मी हो म्हणायचे.

नळीच्या तळाशी पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणी, तोंडाला पुन्हा कापूस. टीचरांनी कागदावर लिहून दिलं होतं: अंधारात ठेवणे. हलवू नये. पहिल्या मुंग्या होईपर्यंत उघडू नये, खायला घालू नये. पाचही नळ्या बिस्किटांच्या डब्यात घालून तांदळाच्या पिंपावर ठेवल्या. आठवड्याभरात प्रत्येकीपाशी अंड्यांचा पांढरा पुंजका दिसला. तो सासूबाईंनीही पाहिला.

"अंडी घातली? म्हंजे बालंतीन झाली की! नि तिला उपाशी ठेवलीस?"

"टीचरनी सांगितलंय, खायला द्यायचं नाही."

"टीचरला काय ठावं? तिचं लगीन तरी झालंय का?"

मला हसू आलं, पण मनातून ते गेलं नाही. बाळंतिणीला उपाशी ठेवतात का कुठे? माझ्या थोरलीच्या वेळी मला नुसत्या पेजेवर काढावं लागलं होतं, ते मला आठवत राहिलं. दुसऱ्या दिवशी मी कापूस काढला आणि काडीने गुळाच्या पाण्याचा थेंब आत सोडला. मग रोजच. अंडी कमी दिसायला लागली तशी वाटलं, अंगात ताकद नाही हिच्या. तूप लावलं. कापसाला बुरशी धरली, मी कापूस बदलला. जितकी अंडी कमी तितकी माझी सेवा जास्त. शेवटी एकीला स्वतःचं अंडं तोंडात धरून खाताना पाहिलं आणि डबा बंद केला. चार राण्या मेल्या. पाचवी नळी तर गुळाच्या पहिल्या दिवशीच डब्यातून गायब होती. उंदराने नेली असं धरून चालले.

नवरा म्हणाला, "लोक खडू ओढून मुंग्या मारतात. तू गूळ घालून मारल्यास."

टीचरांना सांगायला मला आठ दिवस लागले. भांडी घासता घासता, पाठ करूनच सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "अगं, तिला भूक नसते. पंख गळले की ते उडायचे स्नायू अंगातच विरघळतात, त्यावर ती पहिली पिल्लं वाढवते. सारखं उघडलं तर घाबरून अंडी खाते."

मला टीचरांचाच राग आला. हे एवढं वाक्य कागदावर का नव्हतं? 'नये, नये' लिहिलं, का नये ते लिहिलं नाही. पण हे बोलायचं धाडस कुठून आणणार? एवढंच म्हटलं, "पगारातून महिन्याला चारशे कापा." दोन महिने कापले.

गौरीच्या आधी घर झाडायला काढलं. पिंप सरकवलं तर मागे, भिंतीच्या कडेला, धुळीत माखलेली पाचवी नळी. आत राणी जिवंत. भोवती सात बारीक मुंग्या. जिच्यासाठी मी काहीच केलं नाही, तीच जगली होती. मला आनंद व्हायला हवा होता. मी नळी हातात धरून रडले, तेही चिडून.

आता मात्र गूळ लागणार होता. तो अगदी मोजून दिला, टीचरांना विचारून. आणखी दोन महिन्यांचे चारशे कापून झाले तेव्हा कागदात गुंडाळून नळी घेऊन गेले. चारांचे पैसे भांडी घासून फेडले होते, पाचवीचे तरी मुंग्यांनी फेडायचे होते.

टीचरांनी भिंग लावून मोजल्या. "अकरा. एक जास्त आहे गं."

"राहू द्या," मी म्हटलं.

"मग सगळे फिटले तुझे," त्या म्हणाल्या, आणि त्या महिन्याचा पगार काही न कापता माझ्या हातात ठेवला.