डाव्या हातावरची मेंदी

आमच्या घरात एका वाक्यापुढे कोणाचं काही चालत नाही. "पैसे भरले ना आता!" पोरीला कणकण आहे, बाहेर पाऊस कोसळतोय, उद्या गणिताचा पेपर आहे, काही असो. बॅडमिंटन क्लबची फी वर्षाची एकदम भरावी लागते आणि भरली की परत मिळत नाही. हे वाक्य घरात आणलं कोणी म्हणाल, तर मीच. विणकराची लेक आहे मी. मागावर ताणा चढला की लुगडं पुरं करूनच उठायचं, मधेच सूत कापायचं नाही, हे माझे बाबा उठता-बसता ऐकवायचे.

नवरा उंटावरून शेळ्या हाकतो. ऑफिसातून फोन करून विचारतो, "गेली का वं प्रॅक्टिसले?" गेली, बाप्पा, गेली! आणि तिला नेतं कोण? सक्करदऱ्याहून धरमपेठेपर्यंत सकाळ-संध्याकाळ स्कूटर हाणते ती मी. आधी संध्याकाळी मी ब्लाउज शिवायची. बायका माप द्यायला यायच्या आणि दहा भानगडी सांगून जायच्या, काय हसायचो आम्ही! आता शिलाई मशिनवर इस्त्रीचे कपडे पडलेले असतात. हॉलबाहेरच्या बाकावर आम्ही सगळ्या आया बसतो आणि दात आवळून एकमेकींच्या लेकरांचं कौतुक करतो. पिसांचं शटल दोन-चार फटक्यांत मोडतं, रॅकेटची गट, म्हणजे जाळीची तार, तुटते, बूट घेतले नाहीत तोवर लहान होतात. पण एकीचीही हिंमत नाही म्हणायची, की बाई, पुरे झालं आता. माझीही नव्हती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मागच्या उन्हाळ्यात उमरेडला माझ्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. माझी पोट्टी तेव्हा बारा वर्षांची, मेंदी काढायची म्हणून महिनाभर नाचत होती. नेमकी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी स्पर्धा आली. मेंदीवाली बसली, पोरीनं दोन्ही हात पुढे केले, आणि मी म्हटलं, "उजव्या हातावर नको वं. रॅकेट घसरली म्हंजे?"

वाळलेल्या मेंदीनं काय डोंबलाची रॅकेट घसरते! मलाही कळत होतं. पण नवरा मागून म्हणालाच, "रिस्क काहून घ्याची? पैसे भरले ना आता." पोरीनं उजवा हात तेवढा मागे घेतला. लग्नाच्या एकूण एक फोटोत तिचा उजवा हात पाठीमागे आहे. स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत हरली. तो अल्बम कोणी काढला की माझं डोकं फिरतं, आणि राग कोणावर काढू? स्वतःवरच.

यंदा पुन्हा फी भरायची वेळ आली. त्याच आठवड्यात एक स्पर्धा होती. तिच्यात पोट्टी पहिल्याच फेरीत हरली, तेही आपल्याहून वीतभर बुटक्या पोरीकडून. शेवटच्या पॉइंटला रॅकेटची गट तुटली. घरी येताना स्कूटरवर तिनं माझ्या पाठीला कपाळ टेकलं होतं, आणि माझा कुर्ता ओला होत होता. तलावाजवळ मी गाडी थांबवली. फी अजून भरलेली नाही, मनात म्हटलं, सुटायचं तर आजच.

"सोडून दे," मी म्हटलं. "मी नाही भरत फी. पप्पाले मी सांगीन काय सांगायचं ते. सुट्टीत उमरेडले जा, मामाकडे पायजे तेवढी झोप, हुंदड."

मला वाटलं, आता गळ्यात पडेल. खरं सांगते, मीच मनातून उड्या मारत होते. मशिनवरचे कपडे उचलूनही झाले होते माझे.

तिनं बाहीनं नाक पुसलं. "आणि मी मेंदी नाही काढली ते?"

"अवं, ते झालं आता."

"झालं कसं? ताईच्या लग्नात मी हात लपवून फिरून राहिली होती. डान्स सोडला. वाढदिवसाले कोणाच्याच नाही गेली, तर आता कोणी बोलवत बी नाही. हे सगळं मीच भरलं ना? ते परत भेटते का?"

 काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "आजोबांनीही एकदा ताणा मधेच कापला होता. सूत कच्चं निघालं, तर कापला त्यांनी."

"खोटं बोलून राहिली तू," ती म्हणाली.

खोटंच होतं. बाबांनी उभ्या जन्मात ताणा कापला नव्हता.

"बरं, एवढंच सांग," मी म्हटलं. "तुले खेळायले आवडते का?"

ती तलावाकडे बघू लागली. टाळत नव्हती, खरोखर विचार करत होती. मग म्हणाली, "आठवत नाही."

आणि रॅकेटची बॅग खांद्यावर नीट घेऊन पुन्हा मागे बसली. "चाल ना आई, गट लावणाऱ्याचं दुकान बंद होऊन जाईल. सकाळी रॅकेट पायजे."

मी स्कूटर महाल भागातल्या त्या दुकानाकडे वळवली.