केकच्या दुकानाचा पहारा

बँकेच्या शाखेचं शटर वर गेलं की आमचे रखवालदार आपली दुनळी बंदूक मध्यावर उघडायचे, दोन्ही काडतुसं काढून खिशात टाकायचे, नळ्या उजेडाकडे धरायचे आणि एक डोळा मिटून आरपार बघायचे. "दोन्ही साफ," म्हणायचे, आणि परत भरायचे. अकरा वर्षं रोज. कोणी विचारलेलं नसायचं.

तुम्हीही बँकेच्या दारात असा माणूस पाहिला असेल. स्टूल, मिशा, बंदूक. आपण त्याच्याकडे बघतो कुठे? पासबुक भरायला आलेलो असतो.

आमचे हे बेळगावकडचे, फौजेतून हवालदार म्हणून सुटलेले. मी मारतहळ्ळीच्या शाखेत कारकून. आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या बेंगळूरूचं, त्यामुळे माझी मराठी ऐकून ते पोट धरून हसायचे. "अक्का, तुम्ही अर्धं कन्नडच बोलता." मी म्हणायची, आणि तुम्ही काय पेशव्यांकडून शिकून आलात?

बंदूक त्यांची स्वतःची होती. बँकेला रखवालदार पुरवणारी एजन्सी माणसासकट बंदूकच भाड्यानं घेते म्हणा ना. परवान्यावर 'संपूर्ण भारत' असा शिक्का. तो बोटानं दाखवत म्हणायचे, "दिल्लीचा कायदा आहे, अक्का. कुठंही चालतो."

चालत नाही. तेच तर सांगायला बसलेय.

निवडणूक लागली की शहरातल्या सगळ्या परवानेवाल्यांनी बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, हा इथला हुकूम. बँकेच्या पहाऱ्याला सूट मिळते, पण बँकेनं पत्र द्यावं लागतं. ते पत्र दर वेळी मी करायची. कसं? आमच्याकडे सगळी पत्रं जशी होतात तसं. मागचं काढायचं, तारीख बदलायची. त्या वर्षीही केलं. हवालदारांनी चष्मा लावून वाचलं. "नाव बरोबर. नंबर बरोबर. सरी, ठीक आहे." साहेबांनी सही ठोकली.

आणि महिनाभरापूर्वी आमची शाखा मारतहळ्ळीतून बेळ्ळंदूरच्या टेक पार्कात गेली होती. पत्ता कोणी वाचलाच नाही. नवीन काचेच्या इमारतीत बसून मी जुना पत्ता टाइप केला होता.

सूट मिळाली, ती जुन्या पत्त्यासाठी. निवडणुकीमुळे पार्कच्या गेटवर आता पोलिसांचा कागद मागितला. सुपरवायझरनं वाचला नि परत दिला. हत्यार आत नाही. हवालदारांनी दिल्लीचा शिक्का दाखवला. त्यानं भिंतीवरचा पार्कच्या नियमांचा बोर्ड दाखवला. ठाण्यात गेले, तर म्हणाले, पत्र दुरुस्त करून आणा, पुन्हा सूट देणाऱ्या समितीपुढे जाईल, वेळ लागेल. तोवर बंदूक जमा करा, नाहीतर लिहिलंय तिथंच ठेवा. एजन्सी म्हणाली, बंदूक नाही तर ड्यूटी नाही. सगळे आपापल्या जागी बरोबर! ह्याचीच मला अजून चीड येते. एकाची तरी चूक असती तर भांडता आलं असतं. चूक होती ती माझी, आणि माझ्याशी कोणी भांडलं नाही.

आमचे साहेब पुण्याचे, तिशीतले. त्यांनी तोडगा काढला. "काका, गेटच्या केबिनमध्ये ठेवा ना. संध्याकाळी घेऊन जा. सिंपल."

हवालदार शांतपणे म्हणाले, "साहेब, बंदूक म्हणजे छत्री नाही. परवाना माझ्या नावावर आहे. दुसऱ्याच्या हातात दिली तर मी आत जाईन, तुम्ही नाही."

साहेब मोबाइलमध्ये बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी हवालदार आले नाहीत. मी जेवणाच्या सुट्टीत रिक्षा करून शोधत गेले, आणि जिथं सापडतील असं वाटलं तिथंच सापडले. जुन्या शाखेच्या दारात. तिथं आता केकचं दुकान. युनिफॉर्म, कमरेला काडतुसांचा पट्टा, हातात दुनळी, नि मागं काचेत गुलाबी केक. ह्या अख्ख्या शहरात बंदूक घेऊन त्यांनी बसावं अशी कागदावर एवढी एकच जागा होती. दुकानदारानं स्टूल दिलं होतं, पण हात जोडून सांगत होता, "अण्णा, स्वल्प बाजूला. गिऱ्हाईक घाबरतंय."

मला हसू आलं आणि मग मी रस्त्यात उभी राहून रडले. सांगून टाकलं की पत्ता मीच बदलला नाही.

"मीही वाचलं होतं की, अक्का," ते म्हणाले. "माझं नाव तेवढं बघितलं."

दोन दिवस ते तिथं बसले. दोन्ही दिवस एजन्सीनं गैरहजेरी लावली. तिसऱ्या दिवशी पार्कचाच एक काठीवाला आमच्या दारात उभा राहिला. साहेब म्हणाले, तसंही आता बंदुकीची गरज कुठे असते. अकरा वर्षं होती! मी तोंडावर बोलले. नोकरीची चार वर्षं उरली होती, तरी बोलले. काय उपयोग? दुरुस्तीचं पत्रही केलं, पत्ता तीनदा वाचून. ते कुठल्याशा टेबलावर पडून राहिलं.

बंदूक जमा करायला मी त्यांच्याबरोबर ठाण्यात गेले. त्यांनी ती टेबलावर उघडली, काडतुसं मोजून दिली, नळ्या खिडकीकडे धरल्या. "दोन्ही साफ." शिपाई पावती लिहीत होता, त्यानं वर पाहिलंही नाही.

"पत्ता?" त्यानं विचारलं.

मी घाईनं बेळ्ळंदूरचा पत्ता सांगायला लागले. इमारत, मजला, पिनकोड, सगळं पाठ झालं होतं मला. हवालदारांनी हात वर करून मला थांबवलं.

"राहू द्या, अक्का," ते म्हणाले. आणि शिपायाला म्हणाले, "गावचा लिहा."