तुळशीराम स्वतःचं नाव घेईना

सुकापूरला माझ्या हॉलमध्ये इंग्रजीचा क्लास चालायचा, तेव्हा चपलांनी अख्खा जिना भरायचा. आता सगळे मोबाइलवर शिकतात. शिकोत बापडे! मला मात्र अजून आठवतो तो चिरनेरचा तुळशीराम. न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवायचा आणि ड्युटी संपली की घामेजल्या शर्टानिशी मोटरसायकलवरून थेट क्लासला. आखातातल्या एका कंपनीत त्याला ड्रायव्हर म्हणून जायचं होतं. पक्कं घर बांधायचं वेड होतं त्याला.

इंग्रजी तसं भराभर यायला लागलं. घोडं अडलं ते भलतीकडेच. "तू ड्रायव्हर कसा आहेस?" असं इंग्रजीत विचारलं की गडी मान खाली घालून म्हणायचा, "ओके, मॅडम."

"ओके काय, मेल्या? आय ॲम द बेस्ट म्हण!"

"बाई, आपलीच आरती आपण कशी ओवाळायची? आमच्यात हसतील."

"तिकडे कुणी हसत नाही. तिकडे आपला डंका आपणच वाजवायचा असतो."

घोकून घेतलं मी त्याच्याकडून. अखेर म्हणायला लागला, पण म्हणताना कान लालबुंद व्हायचे. फार गोड दिसायचा तेव्हा.

मुलाखतीहून परतला तो तोंड पाडूनच. साहेबांनी विचारलं होतं, तुमच्यात सगळ्यात चांगला ड्रायव्हर कोण? आणि हा पठ्ठ्या चोख इंग्रजीत म्हणाला, "गणू, सर. ही टॉट मी." गणू म्हणजे बंदरावरचा त्याचा जोडीदार, ज्याने याला ट्रेलर चालवायला शिकवलं तो. जागा एकच होती. साहेबांनी गणूला बोलावलं, गाडी चालवून बघितली आणि त्यालाच घेतलं.

माझं डोकंच फिरलं. "गाढवा, एक वाक्य तर म्हणायचं होतं!"

"ओठांवर आलतं, बाई."

"मग?"

"इंग्रजीत बोललो तरी तोंड माझंच ना? उद्या तेच घेऊन गणूसमोर बसायचं हाय." एवढं बोलला आणि त्याचे डोळे भरून आले. "घर राहिलं, बाई."

कप्पाळ माझं! उठून चहा टाकला.

पुढच्याच आठवड्यात दारात पुन्हा तुळशीराम. सोबत एक बुजलेला, काळासावळा माणूस.

"हा गणू. याला पण इंग्रजी शिकवा, बाई. तिकडं एकटा पडंल."

मी "बसा" म्हटलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसले.