रेड्याचा गाल

सगळे त्याला रेडा म्हणत आणि तो दाढीही तशीच करी, मान खाली घालून, समोर येईल ते आडवं करत. दिवसभर गोदामात पेट्या उचलायच्या, संध्याकाळी बॉक्सिंगच्या तालमीत माणसं आडवी करायची. लढतीच्या सकाळी तोंडावर गार पाण्याचा हबका मारायचा, साबणाची वडी घासायची आणि बोथट झालेलं ब्लेड हनुवटीखालून वर, केसांच्या उलट, खरवडत न्यायचं. रक्त आलं की दाढी झाली.

हुकूम तालमीतल्या उस्तादांचा होता. "गाल कसा हवा? काचेसारखा! ठोसा बसला की घसरलाच पाहिजे. काय समजलास?" आणि उत्तराची वाट न बघता पाठीत गुद्दा.

रेड्याच्या गळ्याभोवती केसतोडांची माळच होती. आत वळलेले केस तो सुईने उकरून काढी आणि वर शिव्याही त्यांनाच देई.

व्हायचं तेच झालं. एका लढतीत पहिलाच ठोसा गालावर बसला आणि गाल उसवला. रक्त दोरांवर, पंचाच्या पांढऱ्या शर्टावर, पहिल्या रांगेतल्या एका काकांच्या चष्म्यावर. डॉक्टरांनी लढत थांबवली. पुढच्या लढतीत दुसरा गाल, आणि काका या वेळी चौथ्या रांगेत.

डॉक्टर टाके घालताना म्हणाले, "समोरच्याने काय फाडलं? सकाळी तूच फाडून आणलं होतंस. परत असा आलास तर परवाना गेला."

पेट्या उचलणं आणि ठोसे मारणं याखेरीज रेड्याला दुसरं काही येत नव्हतं. घरी येऊन त्याने दारावर डोकं आपटलं.

"दार मोडशील," मोठी बहीण म्हणाली. "डॉक्टर काय म्हणाले तेवढं सांग."

त्याने सांगितलं. पुढच्या लढतीच्या आदल्या संध्याकाळी ताईने त्याला खुर्चीत बसवलं आणि कोमट पाण्यात पिळलेला पंचा तोंडावर दाबला.

"गुदमरतोय मी, ताई!"

"मर थोडा. केस मऊ होऊ देत."

मग भरपूर फेस, कोरं ब्लेड. "वरून खाली. केस वाढतात तसं. कातडी ताणू नकोस. दाबतोस कशाला, कोणाचा खून करायचाय? केसतोड आहे तिथे ब्लेड नाही, ते कात्रीने कापू. आणि ती सुई इकडे दे." शेवटी गार पाणी, आणि टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. रेड्याला वाटलं, हे तर बाळाला न्हाऊ घालणं झालं.

दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत उस्तादांनी त्याच्या गालावरून बोट उलटं फिरवलं. खर्र.

"हे काय? खुंट?" त्यांनी खिशातून आपला वस्तरा काढला. "चल, उलटा हात मार. काय समजलास?"

"नाही."

उस्तादांना हा शब्द तालमीत कोणी ऐकवला नव्हता. त्यांनी रेड्याच्या कानशिलाखाली अशी सणसणीत ठेवून दिली की पत्र्याचं कपाट वाजलं. रेडा हलला नाही. उस्तादांनी तळहात पाहिला. कोरडा. त्याच्या गालाकडे पाहिलं. लाल, पण अख्खा. त्यांनी दुसऱ्या गालावरही तेवढ्याच जोराने एक देऊन खात्री करून घेतली आणि वस्तरा मिटला.

"जा मर," ते म्हणाले.

समोरचा आला तो काचेसारखा चकचकीत, गालांवर ताजे लाल ओरखडे. तो मारायला आला आणि मारलंही त्याने भरपूर. बरगडीत असा ठोसा हाणला की रेड्याचा श्वास दोरांपलीकडे जाऊन पडला. मग जबड्यावर, आणि एक दाढ तोंडातल्या तोंडात सुटी झाली. रेडा दोरांवरून परत आला आणि डावा, उजवा, परत डावा असे हाणत सुटला. तिसऱ्या ठोशाला चकचकीत गाल उभा उसवला. समोरचा गुडघ्यावर आला, उठला, परत ठोसा खाऊन पसरला.

रेड्याचं तोंड रक्ताने माखलेलं होतं. डॉक्टर कापूस घेऊन धावले. पुसलं, परत पुसलं, जखम शोधली.

"कुठे फाटलंय?"

"माझं नाही," रेडा दाढ थुंकत म्हणाला. "त्याचं आहे."

घरी ताई दारातच उभी होती. "गाल?"

"शाबूत."

"आणि बाकीचा?"

"बाकीचं उद्या विचार," म्हणत तो बरगडी धरून हळूच खाली बसला.