दुपारच्या कार्यक्रमाचं मत

ती रेडिओला उलट उत्तरं द्यायची. बाभुळगावजवळच्या आमच्या खेड्यात पंचायतीचा एकच रेडिओ होता आणि त्याच्या पेटीची चावी शाळामास्तर म्हणून माझ्याकडे असायची. संध्याकाळी पुरुष पंचायतीच्या खोलीत तो ऐकत बसत. ती वीटभट्टीवरून परतताना दारातच थांबायची. बस म्हटलं तरी बसायची नाही. "पिकाला वेळेवर पाणी द्या," असं निवेदक म्हणाला, की ही म्हणायची, "इहिरीत आहे काय, ते पूस पहिले."

एकदा रेडिओवाल्यांनी श्रोत्यांची मतं मागवली. ज्या कार्यक्रमाला जास्त पत्रं येतील, त्याला बक्षीस मिळणार होतं. तरण्यांना सिनेमाची गाणी हवी होती, म्हाताऱ्यांना भजनं. वाद पेटला तेव्हा दारातून आवाज आला, "माह्यं मत दुपारच्या बायकाईच्या कार्यक्रमाले."

पाटील हसले. "तू ऐकला काय तो कधी?"

"कसा ऐकू? दुपारी पेटीले कुलूप असते." ती माझ्याकडे बघत होती. "गुरुजी, माह्यं कार्ड अलग लिहा."

मी लिहिलं नाही. गावाचं एकच पत्र जाईल आणि न ऐकलेल्या कार्यक्रमाला मत देता येत नाही, म्हणालो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती शाळेच्या दारात उभी राहिली. मागे सात-आठ बायका होत्या, हातांना अजून भट्टीचा चिखल.

"ऐकल्याबिगर मत नाही म्हणता ना? मंग आणा चावी."

वर्ग तसाच सोडून मी पंचायतीत गेलो, पेटी उघडली आणि रेडिओ लावला. "नमस्कार भगिनींनो," आतून एका बाईचा आवाज आला.

ती पहिल्यांदाच खाली बसली, अगदी पाटलांच्या जागेवर.

"हं," ती म्हणाली, "बोल आता."