शिळं पाणी

माझ्या घरी येऊन कुणी "जरा साफ करून देऊ का?" असं विचारलं, की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. नवरा मध्ये पडून म्हणतो, "तिचं मनावर घेऊ नका." घ्या, मनावरच घ्या. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी माझ्या घरात एवढी सफाई झाली की जिवंत काही उरलंच नाही.

आम्ही जवाहरनगरला क्वार्टरमध्ये राहतो. नवरा कारखान्यात आहे, मी शाळेत विज्ञान शिकवते. बैठकीत खिडकीजवळ, उजेड येईल पण ऊन थेट पडणार नाही अशा जागी माझी माशांची काचेची टाकी आहे. तिच्यात प्लास्टिकचा पाणबुड्या नाही, निळे-गुलाबी खडे नाहीत, तोंड उघडझाप करणारा शिंपला नाही. तळाशी सिहोऱ्याच्या आमच्या बोडीतली काळी माती, तिच्यावर बारीक रेती, आणि मातीत मुळं रोवून उभं राहिलेलं, पट्टीसारख्या लांब पानांचं पाणगवत. बोडी म्हणजे शेताच्या डोक्याशी बांधलेलं छोटं तळं. आमच्या धानाला पाणी तिचंच. गवतात फिरणारे बोटाएवढे चंदेरी मासेही त्या बोडीतलेच. पाहुणे येतात, काचेवर टकटक करतात आणि म्हणतात, "गोल्डफिश काहून नाही ठेवली?" एक जण तर म्हणाला, "तळले तं वाटीभर पण नाही होणार." त्याला मी दुसऱ्यांदा चहा विचारला नाही.

लोकांना वाटतं, पाणी काचेसारखं दिसलं म्हणजे झालं. विष कालवलेलं पाणीही काचेसारखंच दिसतं, हे त्यांना कोण सांगणार? टाकीत मासे खातात, घाण करतात, एखादं पान कुजतं. त्या घाणीचं विष होतं. रेतीवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू बसलेले असतात, ते हे विष पचवतात, आणि पचवून जे उरतं ते गवत खातं. हा सगळा संसार बसायला महिने लागतात आणि मोडायला एक बादली पुरते. म्हणून मी रेती कधी नळाखाली धूत नाही, सगळं पाणी एकदम बदलत नाही, खाणं चिमटीभरच टाकते, पिवळं पडलेलं पान तेवढं कापून घेते. थोडं पाणी काढायचं, तेवढंच नवं घालायचं. नवं म्हणजे नळाचं नव्हे. नळाच्या पाण्यात औषध असतं, पावसाळ्यात जरा जास्त. माणसांसाठी ते हवंच, पण माशांच्या कल्ल्यांना ते सोसत नाही. म्हणून मागच्या पडवीत माझा एक निळा ड्रम असतो. त्यात पाणी भरून चार दिवस उघडं ठेवायचं, औषध उडून जातं. टाकीत गवत फार झालं की जास्तीची रोपं मी त्याच ड्रममध्ये सोडून द्यायची. ड्रम आतून बुळबुळीत होता. असायलाच हवा होता.

आता बोडीचं सांगते, कारण खरी गोष्ट तिचीच आहे. मी टाकी केली तेव्हा बोडीतलं गवत उपटून नेताना माझा धाकटा भाऊ खूप हसला होता. "बाई, हे शेवाळ कायले नेतं? धान ने, तांदूळ ने." मग मधल्या एका उन्हाळ्यात त्यानं जेसीबी लावला आणि बोडी खाली मुरूम लागेपर्यंत खरवडून काढली. काठाला दगड बसवले. फोनवर व्हिडिओ पाठवला, "पाह्य बाई, कशी चकाचक झाली." मी तो व्हिडिओ पाहिला आणि फोन उलटा करून ठेवला. बाबांच्या वेळेपासून त्या गवतात झिंगे असायचे, छोट्या माशांची अंडी असायची. ते सगळं ट्रॉलीत भरून रस्त्याच्या कडेला पडलं. नंतर बोडीचं पाणी कधी निवळलंच नाही. भावानं माशांची बोटाएवढी पिल्लं, बोटुकली, आणून सोडली, तीही राहिली नाहीत. लपायला जागा नाही, खायला काही नाही, राहतील कशाला? आजूबाजूचे तलाव पाहिले तर तिथं बेशरमाची झाडं आणि जलपर्णी, हे गवत कुठंच नाही. शेवटी पितृपक्षाच्या थोडं आधी त्याचा फोन आला. आवाज खाली होता. "बाई, तुयापाशी ते गवत हाय ना अजून? पितर झाले का घेऊन येजो." आपण काय केलं याबद्दल एक शब्द नाही. मीही उकरलं नाही. पण त्या दिवसापासून मी त्या टाकीकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागले. आमच्या बोडीचं जे काही जिवंत उरलं होतं, ते माझ्या बैठकीत आणि पडवीत होतं.

सासूबाई त्याच्या आदल्या हिवाळ्यात गेल्या. त्यांचा तो पहिलाच पितृपक्ष. पितृमोक्ष अमावस्येला घास टाकायचा म्हणून मोहाडीहून मोठी नणंद आली. माझी नणंद म्हणजे अशी, की तिच्या घरात पाणीसुद्धा पाय धुऊन आत येत असेल. तिच्याकडे शिळं पाणी चालत नाही. रोज सकाळी पाण्याचे गुंड, बादल्या, कळशा उपड्या करायच्या, घासायच्या आणि ताजं पाणी भरायचं. आमच्याकडे पुष्कळ घरांत ही रीत आहे आणि पिण्याच्या पाण्यापुरती ती चांगलीच आहे. श्राद्धाच्या दिवशी तर बोलायलाच नको. त्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी उठली होती. मी स्वयंपाकघरात वड्यांची डाळ वाटत होते. मागे पाण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, भांडी घासते आहे.

पान वाढून छतावर ठेवलं. वडे, कढी, खीर, कोहळ्याची भाजी, सासूबाईंना आवडायचं ते सगळं. कावळा काही येईना. नणंद हात जोडून उभी होती. "आई, काही चुकलं काय व? राग आला काय?" एवढी खमकी बाई, पण तिचा चेहरा पाहवत नव्हता. हे मी रागातही कबूल करते. अशा वेळी तलावावर जाऊन माशांना कणकेच्या गोळ्या टाकतात. पण बाहेर चिखल, हिचे गुडघे दुखतात. मग तिला माझी टाकी दिसली.

माझे मासे कुणीही समोर उभं राहिलं की काचेशी येतात. हिनं पहिली गोळी टाकली आणि ते सगळे तुटून पडले. "आई जेवली! पाहा, आई जेवली!" नणंद रडायला लागली. मग जेवायला आलेला जो तो उठला आणि एकेक गोळी टाकू लागला. मी वाढायचं सोडून बैठकीत पोचले तेव्हा कणकेचं ताट रिकामं होतं आणि गवताच्या बुंध्यात पांढरे गोळे फुगत होते.

"ताई, हे काय केलं? पाणी सडते ना यानं!"

"अवं, आई जेवली. आजच्या दिवशी तू काही नको बोलू."

नाही बोलले. श्राद्धाच्या घरात सुनेनं तोंड बंद ठेवायचं असतं. ते बंद ठेवलं याचाच मला अजून संताप येतो. जाळीनं जेवढे निघाले तेवढे गोळे काढले. बरेचसे तोवर विरघळले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी दूध ओतल्यासारखी पांढरी. मासे वर येऊन तोंडं उघडून श्वास घेत होते. काय करायचं ते मला ठाऊक होतं. नळीनं तळाची घाण ओढली, निम्मं पाणी बाहेर काढलं आणि पडवीतल्या ड्रममधून बादल्या भरून हळूहळू ओतलं. घरात अजून तळणाचा आणि धुपाचा वास कोंदला होता, नाकाला दुसरं काही कळत नव्हतं. ड्रम काठोकाठ भरलेला होता. तोच ड्रम, त्याच जागी. कशाला शंका येईल?

मासे एकदम सैरावैरा पळाले. काचेवर आपटले. मग एकेक करून आडवे झाले. मी पडवीत धावले, ड्रममध्ये तोंड घालून हुंगलं, नळाच्या औषधाचा भपकारा आला आणि मी तिथंच ओरडले, "ड्रम कोणं भरला?"

"म्या," नणंद आतून म्हणाली. आवाजात कौतुकाची वाट पाहणं होतं. "अवं, शिळं पाणी होतं त्यात. काही शेवाळ पण होतं. आतून कसा बुळबुळीत झाला होता! सगळं फेकून घासून काढला, अन् ताजं पाणी भरलं."

मी बैठकीत परत आले. मेलेले मासे ताटलीत काढून ठेवले होते, त्यांच्याकडे पाहून नणंद माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नको. घरावरचं बालंट माशाइनं आपल्या अंगावर घेतलं. आईनंच वाचवलं समज."

"बालंट घरावर नव्हतं," मी म्हटलं. "मोहाडीहून एसटीनं आलं होतं."

ती दुपारच्या गाडीनं न जेवता गेली. नवरा माझ्याशी बोलेना. मलाही त्याच्याशी बोलायचं नव्हतं.

मासे गेले, तरी गवत होतं. पानं काचेसारखी पारदर्शक होऊन गळायला लागली, पण मुळं मातीत घट्ट होती. गळणारी पानं कापली, काचेला काळा कागद लावला असता तरी चाललं असतं अशी ती टाकी भकास दिसायची, पण मी वाट पाहत होते. मूळ जिवंत असलं तर नवं पान येतं. भावाचा फोन आला, "बाई, कवा येशीन?" मी म्हटलं, "येते." आणि ठेवून दिला.

मग एका शनिवारी मी शाळेतून आले तर टाकी अंगणात उन्हात उपडी पडलेली. धुतलेली. पावडरचा वास येत होता. नवरा बाही वर करून उभा होता, घामानं भिजलेला आणि खूश. "तुले पाहून वाईट वाटत होतं ना. सगळं सडलं होतं त्यात. नवी गोल्डफिश आणू आता."

"माती कुठं हाय?"

"घंटागाडीत टाकली."

त्या दिवशी मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या क्वार्टरची खिडकी बंद झाली, एवढं सांगते. रागापेक्षाही मला आश्चर्य वाटत होतं, की ही सगळी माणसं माझ्यावर माया करणारी. कुणाच्या मनात पाप नाही. भावानं बोडी धुतली ती मायेनं, नणंदेनं ड्रम घासला तो मायेनं, नवऱ्यानं टाकी धुतली तीही मायेनं. या मायेचं काय करायचं? वैऱ्याला निदान शिव्या तरी घालता येतात.

भावाला सांगायचं धाडस होईना. फोन वाजला की मी तो वाजू द्यायची.

राग असला तरी भाजी करावीच लागते. क्वार्टरच्या मागे न्हाणीचं पाणी जातं तिथं एक खड्डा आहे, त्याच्या कडेला अळू माजलेलं असतं. एका संध्याकाळी विळा घेऊन गेले. अळूची पानं बाजूला केली तर खाली खड्ड्याच्या गढूळ पाण्यात हिरवी पट्टी दिसली. मला वाटलं, कुणीतरी टाकलेली रिबीन असेल. हात घातला. मुळं होती. बाजूला अजून एक रोप, त्याच्यापासून धावता कोंब फुटून पुढं आणखी एक. वर साबणाचा तवंग, मच्छरांची पोरं वळवळत होती आणि मध्ये आमच्या बोडीचं गवत ऐटीत उभं होतं. नणंदेनं शिळं पाणी फेकलं होतं ते इथंच. शेवाळासकट.

मी तशीच चिखलात बसले. ते तिच्या हातून वाचलं, हे अजून तिला सांगितलेलं नाही. जीभ रेटत नाही.

मागून नवरा आला. हातात फावडं. "किती मच्छर होऊन राहिले पाहा. हा खड्डाच बुजवून टाकतो आज." मी फावडं त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि दिवाळीपर्यंत त्याला परत दिलं नाही.

रविवारी बादलीत ते गवत चिखलासकट भरलं आणि सिहोऱ्याला निघाले. बादली बसमध्ये मांडीवर. शेजारची बाई नाकाला पदर लावून दुसऱ्या सीटवर गेली. भाऊ फाट्यावर घ्यायला आला होता. बोडीवर पोचलो. पाणी चहासारखं. भावाला काय काय ऐकवायचं ते मी वाटभर मनात जुळवत आले होते. जेसीबीपासून सुरुवात करणार होते.

त्यानं बादलीतलं एक रोप उचललं. मुळांना काळा, घाण वासाचा चिखल लोंबत होता. बांधावर मोटारचा पाईप चालू होता, तो रोप घेऊन तिकडं वळला.

"खबरदार धुशील तं!" मी एवढ्यानं ओरडले की धानात बसलेले बगळे उडाले.

तो थांबला. पाईपकडं पाहिलं, बोडीकडं पाहिलं.

"पायच धुवाले चाललो होतो, बाई," तो म्हणाला. "हे नाही धूत. बोडी म्याच तं धुतली होती."

माझ्या मनात जुळवलेलं सगळं तसंच राहिलं. चिखलाचे पाय न धुताच त्यानं चपला काठावर काढून ठेवल्या आणि रोप छातीशी धरून पाण्यात उतरला. मी साडी खोचली आणि बादली घेऊन त्याच्या मागं गेले.